मांजराचं जुनं पोट: काटा, वही आणि एका वेळी एकच बदल

मांजराचं पोट जुनाट बिघडलं असेल, म्हणजे उलटी-जुलाब आठवडेच्या आठवडे चालू असतील, तर पहिली खरेदी औषधाची नको, वजनकाट्याची करा. तान्ह्या बाळांसाठी असतो तसला, १० ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा मिळाला तर उत्तम. मांजर उचलून माणसांच्या काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत धडधाकट मांजरासाठी ठीक आहे. पोट बिघडलेल्या मांजराला ती पुरत नाही. त्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा घोळ सहज होतो आणि आपल्याला नेमके तेच शंभर-दोनशे ग्रॅम शोधायचे असतात. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम जाणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो जाणं. केसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. पोटाखाली लोंबणारी सैल कातडीही तशीच राहते, त्यामुळे ‘पोट तर आहे की’ असं वाटत राहतं. आमच्या बोक्याचं वजन ४.६ वरून ४.१ किलोवर आलं तेव्हा घरात कोणालाच पत्ता नव्हता. पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागायला लागले, तेव्हा ट्यूब पेटली. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळच्या खाण्याआधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं.

लिहायला शाळेची शंभर पानी वही पुरते. मोबाइलमध्ये टिपून ठेवता येतं, पण घरात खायला घालणारे दोघं-तिघं असतील तर फ्रिजवर ठेवलेली वही बरी. सगळ्यांच्या नजरेसमोर राहते. रोजच्या नोंदीत पाच गोष्टी हव्यात: काय खाल्लं आणि किती ग्रॅम, उलटी किती वाजता आणि तिच्यात काय होतं, शी किती वेळा आणि कशी, कोणतं औषध कधी दिलं, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं का. शीला १ ते ७ असे गुण द्यायची पद्धत पशुवैद्यकांकडे असते. १ म्हणजे सुके खडे, २ म्हणजे घट्ट, उचलली तर जमिनीला न चिकटणारी, ७ म्हणजे निव्वळ पाणी. आपल्याला २ ते ३ हवं असतं. शंका आली की फोटो काढा. दवाखान्यात ‘थोडी पातळ होते’ म्हटल्यावर प्रत्येक डॉक्टरच्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र येतं.

‘मांजर आहे, उलटी करणारच’ हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाका. केसांचा गुंता कधीतरी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पडला तर समजू शकतो. आठवड्याला एक उलटी हा मांजराचा स्वभाव नसतो, ते दुखणं असतं. उलटी, जुलाब, भूक मंदावणं किंवा वजन घटणं यातलं काहीही तीन आठवड्यांच्या वर चाललं, किंवा जाऊन पुन्हा पुन्हा येत राहिलं, की ते जुनाट धरायचं. दोन दिवसांच्या अपचनाचे उपाय तिथे चालत नाहीत.

दवाखान्यात जाण्याआधी दोन गोष्टी घरीच ओळखता येतात आणि त्यांनी तपासणीची अर्धी दिशा ठरते.

पहिली: ती खरोखर उलटी आहे का? उलटीत पोट जोरात आत-बाहेर होतं, मांजर आधी तोंड चाटतं, लाळ गाळतं, मग पडतं ते अर्धवट पचलेलं, बऱ्याचदा पिवळट पाण्यासह. पोट न हलता, खाऊन थोड्याच वेळात, किबलचे (कोरड्या खाण्याचे) अख्खे दाणे नळीच्या आकारात बाहेर आले तर अन्न पोटात पोहोचलेलंच नाही. तो अन्ननलिकेचा प्रश्न असू शकतो, नाहीतर बकाबका खाण्याचा. दुसऱ्या कारणासाठी पसरट ताटलीत दाणे विखरून देऊन पाहावं. तिसरा प्रकार सगळ्यांना फसवतो. मांजर जमिनीला चिकटून, मान पुढे ताणून खाकरतं आणि बाहेर काहीच पडत नाही. घरचे ‘केस अडकलेत’ म्हणतात आणि केसांची पेस्ट चाटवत बसतात. तो खोकला असतो, बऱ्याचदा दम्याचा. अशा वेळी व्हिडिओ काढून न्यावा. मांजर डॉक्टरसमोर तसं करून दाखवत नाही.

दुसरी: जुलाब लहान आतड्याचा की मोठ्या? शी भरपूर, दिवसातून दोन-तीनदा, वजन उतरतंय, कधी डांबरासारखी काळी, तर दुखणं बहुधा लहान आतड्यात. शी थोडी थोडी, पण पाच-सहा वेळा वाळूत जाणं, कुंथणं, आव पडणं, शेवटी ताज्या लाल रक्ताचा थेंब, आणि वजन मात्र टिकून, तर मोठ्या आतड्यात. दोन्ही एकत्रही असतात. यात एक सावधगिरी. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसून कुंथतो आणि काहीच होत नाही, तेव्हा बद्धकोष्ठ समजून थांबू नका. लघवी अडकलेली असेल तर एका दिवसात जिवावर बेततं. वाळूत लघवीचा गोळा दिसतोय का, हे आधी पाहा.

घरात दोन मांजरं असतील तर बिघडलेली शी नक्की कोणाची, हा प्रश्न येतोच. एकीला दोन दिवस वेगळ्या खोलीत स्वतंत्र डब्यासह ठेवणं सोपं. ते जमत नसेल तर बिनविषारी मेणखडूचा चिमूटभर कीस एकीच्या ओल्या खाण्यात मिसळतात. रंगीत ठिपके दिसले की मालकीण सापडली.

खाण्याचा इतिहास काढणं मात्र इकडे अवघड काम आहे. ठाण्यातल्या किंवा नेरूळ-सानपाड्याकडच्या सोसायटीतलं मांजर बंद फ्लॅटमध्ये राहत असलं तरी त्याचं ताट एकच नसतं. शेजारच्या काकू पॅसेजमध्ये मांदेलीची डोकी टाकतात, कामवाल्या मावशी दुधात चपाती कुस्करून देतात, खाली उतरणारं मांजर असेल तर वॉचमन त्याच्यापुढे डब्यातला रस्सा ठेवतो. रश्श्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवलेला असला तरी. दूध पचवणारं विकर (एन्झाइम) पिल्लू मोठं होता होता कमी होत जातं, त्यामुळे वाटीभर दुधाने मोठ्या मांजराला जुलाब होणं यात नवल नाही. पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, फक्त हे सगळं वहीत उतरवा. काकूंना, मावशींना, वॉचमनला आत्ताच विश्वासात घ्या. पुढच्या टप्प्यात त्यांच्याशिवाय गाडं चालणार नाही.

पहिली तपासणी शीची. नमुना ताजा हवा, वाळू कमीत कमी चिकटलेली, झाकणाच्या डबीत. लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुपारच्या उन्हात तासभर रिक्षात तापलेल्या नमुन्यात फारसं काही शिल्लक राहत नाही. एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीच्या गाठी (त्याची कवचातली अवस्था) रोज पडत नाहीत, म्हणून एक दिवस सोडून एक असे तीन नमुने मागतात. तरुण मांजर असेल, पाच-सहा मांजरांच्या घरातून किंवा शेल्टरमधून आणलेलं असेल आणि मोठ्या आतड्याचा दुर्गंधी जुलाब हटत नसेल, तर ट्रायट्रायकोमोनस या सूक्ष्म परजीवीची पीसीआर चाचणी विचारा. तो नेहमीच्या जंतांच्या औषधाला दाद देत नाही, मेट्रोनिडाझोल या जुलाबावरच्या नेहमीच्या गोळीलाही नाही.

‘आमचं मांजर घराबाहेर जात नाही, त्याला जंत कुठून?’ पालीतून, झुरळातून. आपल्या दमट हवेत दोन्हींची कमी नाही आणि मांजर दोन्हींची शिकार करतं. गोल जंतांच्या अळ्या असल्या प्राण्यांच्या अंगात असू शकतात. उष्ण दमट प्रदेशांत यकृताच्या पित्तनळ्यांत राहणारा एक चपटा कृमीही पालीवाटे मांजरात शिरतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो पिसवांतून येतो. पिसवांचा बंदोबस्त न करता नुसती गोळी दिली तर महिन्याभरात पुन्हा तेच. तपासणीत काही आढळलं नाही तरी बरेच डॉक्टर फेनबेंडाझोल या जंतांच्या औषधाचा कोर्स देऊन पाहतात: किलोमागे ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस. चार किलोच्या मांजराला रोज २०० मिलिग्रॅम. कमी वजन धरून दिलेला किंवा मध्येच सोडलेला कोर्स वाया जातो. इथेही काटा उपयोगी पडतो.

जिआर्डिया सापडला तर औषधाइतकीच डब्याची स्वच्छता महत्त्वाची. त्याच्या गाठी कोरड्या उन्हात मरतात, ओलाव्यात आठवडेच्या आठवडे तग धरतात. म्हणजे मे महिन्यात काम सोपं आणि जुलैत कठीण, कारण जुलैत काही वाळतच नाही. शी रोज लगेच उचलायची, डबा उकळत्या पाण्याने धुऊन पंख्याखाली पूर्ण सुकवायचा, शक्य असेल तर दोन डबे आलटून पालटून वापरायचे. कोर्सच्या शेवटच्या दिवशी मांजराचा मागचा भाग धुऊन पुसून काढावा, नाहीतर चाटण्यातून पुन्हा पोटात.

शीत काही नसेल तर रक्त. नेहमीच्या सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या तर हव्यातच. सात-आठ वर्षांवरच्या मांजरात थायरॉईडची टी-४ चाचणी देखील. भूक राक्षसासारखी आणि वजन मात्र उतरतंय, असं चित्र असलं तर आधी थायरॉईड आणि साखर पाहायची, आतड्याकडे नंतर वळायचं. स्वादुपिंडासाठी मांजरांची खास चाचणी असते. तिचा नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि निकालाला वेळ लागतो, पण मांजरात आतडं, स्वादुपिंड आणि पित्तमार्ग तिन्ही एकदम सुजण्याची खोड असल्याने ती टाळू नये. आणि बी-१२. मांजरात हे जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटक स्वादुपिंडात बनतो आणि शोषण होतं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. दोहोंपैकी एकही बिघडलं की बी-१२ खाली जातं, आणि बी-१२ खाली असेपर्यंत दुसरे उपचार नीट लागू पडत नाहीत. माणसांच्या लॅबमध्ये तपासलं असेल तर रिपोर्टवर छापलेली माणसांची नॉर्मल मर्यादा मांजराला लावू नका.

सोनोग्राफीला आठेक तास उपाशी न्यायचं, पाणी चालतं. पोटावरचे केस काढतात, ते दोन-तीन महिन्यांत येतात. डॉक्टर आतड्याच्या भिंतीची जाडी आणि तिच्यातले थर पाहतात, जवळच्या लसिका गाठीही. इथे एक अडचण स्पष्ट समजून घ्यावी. जुनाट सूज आणि हळू वाढणारा लिम्फोमा हा कर्करोग, दोन्ही सोनोग्राफीत सारखे दिसू शकतात. फरक ठरतो तो बायोप्सीने, म्हणजे आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासल्यावर. म्हणूनच तपासण्या व्हायच्या आधी स्टेरॉइड सुरू करू नये. त्याने चित्र पुसट होतं. काही ठिकाणी पहिल्याच भेटीत महिनाभर टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचून देतात. दोन दिवसांत मांजर टुणटुणीत, घरचे खूश. महिन्याने दुखणं परत येतं, आणि गेलेल्या महिन्यातून शिकायला काहीच मिळालेलं नसतं. शिवाय त्रास झाला तर गोळी कमी करत थांबवता येते, टोचलेलं इंजेक्शन काढून घेता येत नाही.

एंडोस्कोपी किंवा बायोप्सीची वेळ आली तर आपल्या डॉक्टरांना कुठे पाठवाल ते विचारा. ठाणे आणि नवी मुंबईत चांगले दवाखाने आहेत, पण गुंतागुंतीच्या केसमध्ये परळचं नाव निघतंच. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून तिथे आहे आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाशी जोडलेलं आहे. ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने, नवी मुंबईहून सायन-पनवेल मार्गाने जायचं, तर सकाळी लवकर निघा. कॅरियरवर पातळ सुती ओढणी टाका, तळाला लघवी शोषणारं पॅड घाला, आणि वहीची फोटोकॉपी बरोबर ठेवा. गाडीत झालेली उलटी वहीत ‘प्रवासातली’ म्हणून वेगळी लिहा.

आता आहाराची चाचणी. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त वेळा फसणारी. जुनाट उलटी-जुलाबाच्या बऱ्याच मांजरांना नुसत्या खाण्याच्या बदलाने फरक पडतो, तोही पुष्कळदा दोन आठवड्यांत. प्रकृती बरी असेल तर पुढच्या मोठ्या तपासण्यांआधी हीच करावी.

रस्ते दोन. एक, मांजराने आयुष्यात न खाल्लेलं प्रथिन. मांजरांना जास्त बाधणाऱ्या प्रथिनांत गोमांस, मासे आणि चिकन येतात, आणि आपल्याकडची मांजरं मासे आणि चिकनवरच वाढतात. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्याजवळ वाढलेल्या मांजराला ‘फिश फॉर्म्युला’ देऊन चाचणी केली असं म्हणण्यात अर्थ नाही. बदक, ससा असं काही असलेलं खाणं मिळालं तर पाहावं, पण पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे बदकाचं चित्र आणि मागे ‘पोल्ट्री मील’ असं पुष्कळदा असतं. दुसरा रस्ता, हायड्रोलाइज्ड खाणं. यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना ओळखत नाही. रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना अशा कंपन्या असलं खाणं बनवतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं, आणि आधी लहान पाकीट घ्यायचं. मांजराने तोंडच लावलं नाही तर मोठी पिशवी अंगावर पडते.

बदल ७ ते १० दिवसांत. पहिले दोन-तीन दिवस नवं एक चतुर्थांश, मग अर्धं, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण. चाचणीचे दिवस मोजायचे ते पूर्ण नव्या खाण्याच्या पहिल्या दिवसापासून. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० किलोकॅलरी लागतात. कोरडं खाणं १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरीचं असेल तर साधारण ५० ते ७० ग्रॅम झाले. ८५ ग्रॅमचा एक पाऊच बहुधा ६० ते ९० किलोकॅलरीच्या दरम्यान असतो. पाकिटावरचा आकडा घेऊन गणित करा, वाटी-मूठ नको; स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. दिवसाचं माप सकाळी एका डबीत काढून ठेवायचं आणि चार-पाच वेळा मिळून तेवढंच द्यायचं. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं संपलं, कोणी कितीही पायात घोटाळलं तरी.

चाचणी कशाने फसते? गोळी गिळवायला वापरलेल्या चीजच्या तुकड्याने. चिकनच्या चवीच्या जंतांच्या गोळीने. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलने. केसांच्या पेस्टमधल्या स्वादाने. दुसऱ्या मांजराच्या वाटीने. दोन्ही मांजरांना वेगळ्या खोल्यांत खायला द्यायचं, २०-२५ मिनिटं, मग वाट्या उचलायच्या. आणि लहान मुलाच्या हातातून पडलेल्या बिस्किटाने. एका चुकीने सगळं पाण्यात जात नाही, पण ती वहीत लिहायलाच हवी, नाहीतर चार दिवसांनी आलेला जुलाब नव्या खाण्याच्या नावावर जमा होतो. याच काळात नवं प्रोबायोटिक, नवी वाळू, नवं औषध काहीही सुरू करू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशामुळे ते कळायला पुन्हा मागे जावं लागतं, आणि बरं झालेल्या मांजराला पुन्हा बिघडवून पाहायला कोणाचाच हात उचलत नाही. आमची सुरुवातीची दीड महिना मेहनत याच एका चुकीपायी फुकट गेली.

फरक पडला तर सहा-आठ आठवडे तसंच चालू ठेवा. मग डॉक्टरांशी बोलून जुना एकच पदार्थ, उदाहरणार्थ साधं उकडलेलं चिकन, थोडं थोडं देऊन पाहतात. काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लक्षणं परतली तर गुन्हेगार सापडला. तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर दुसऱ्या प्रकारचं खाणं एकदा करून पाहावं. एक पाकीट लागू पडलं नाही म्हणून ‘खाण्याचा संबंध नाही’ असा निकाल लावू नये.

घरच्या चिकन-भाताबद्दल सगळे विचारतात. तीन-चार दिवसांसाठी, मीठ-मसाला-कांदा-लसूण न घालता, ठीक. महिनोन्महिने नाही. त्यात कॅल्शियम नसतं आणि टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक असलेलं अमिनो आम्ल पुरेसं मिळत नाही; उकडल्यावर बरंचसं पाण्यात उतरतं. टॉरिनच्या कमतरतेने मांजराचं हृदय पसरून निकामी होतं, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं, त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यातलं टॉरिन वाढवण्यात आलं. घरचंच द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून पूरक पावडरीसह प्रमाण लिहून घ्या.

खाणं ठेवायचं कसं, हाही पावसाळ्यात मोठा प्रश्न. कोरडं खाणं मूळ पाकिटासकट हवाबंद डब्यात. नुसतं प्लास्टिकच्या बरणीत ओतलं तर तळाशी जुनं तेल साठून खवट होतं, आणि बॅच नंबरही हरवतो. मोठी पिशवी स्वस्त पडते खरी, पण जून ते सप्टेंबर महिन्याभरात संपेल तेवढीच घ्या. उघडलेला पाऊच फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत. देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. थंडगार खाणं आजारी मांजर हुंगून सोडून देतं.

मोठ्या आतड्याच्या दुखण्यात कधी कधी घरातलाच इसबगोल कामाला येतो. पाव चमचा, ओल्या खाण्यात, भरपूर पाण्यात भिजवून. कोरडा दिला तर उलट अडकतो. उकडलेला लाल भोपळा चमचाभर, हाही चालतो. दोन्ही बद्धकोष्ठातही उपयोगी पडतात, पण दोन-तीन दिवस शीच नाही अशी वेळ आली तर केमिस्टकडून एनिमा आणू नका. माणसांचा फॉस्फेटचा एनिमा मांजराचा जीव घेतो.

औषधांत बी-१२ चं इंजेक्शन घरी शिकून घेण्यासारखं आहे. नेहमीचं वेळापत्रक: कातडीखाली २५० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, मग महिन्याने एक, मग पुन्हा तपासणी. अँप्यूलवर एका मिलिलिटरला १००० लिहिलं असेल तर पाव मिलि, ५०० असेल तर अर्धा. इन्सुलिनची सिरिंज वापरत असाल तर तिथे हमखास गोंधळ होतो: ४० युनिटच्या सिरिंजवर पाव मिलि म्हणजे १० ची खूण, १०० युनिटच्या सिरिंजवर २५ ची. बी-१ आणि बी-६ मिसळलेली इंजेक्शनं घेऊ नका, ती फार चरचरतात आणि पुढच्या वेळी मांजर हाती लागत नाही. खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचलायची, सुई तंबूच्या तळाशी, अंगाला समांतर. टोचल्यावर केस ओले लागले तर सुई पलीकडून बाहेर आली, औषध केसांत गेलं. सुईची भीती असेल तर रोज २५० मायक्रोग्रॅमची गोळीही बऱ्याच मांजरांत काम करते.

गोळी कधीही कोरडी गिळवू नका. ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकबाबत तर हे ठरलेलंच. गोळीला किंचित लोणी फासा (आहाराची चाचणी चालू नसेल तर), जिभेच्या मुळाशी ठेवा, आणि मागोमाग सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलि पाणी गालाच्या बाजूने हळूहळू. मेट्रोनिडाझोल इतकं कडू असतं की मांजर फेस काढतं; ती विषबाधा नसते, पण झेपेनासं झालं तर कॅप्सूलमध्ये भरून घ्या. जुलाब झाला की हीच गोळी, ही सवय मात्र वाईट. चार दिवस बरं वाटतं, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि जास्त मात्रेत मांजर झोकांड्या खायला लागतं.

आहाराने भागलं नाही आणि सूज पक्की झाली तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. प्रेडनिसोन नव्हे, मांजराचं शरीर त्याचं रूपांतर नीट करत नाही. मात्रा साधारण किलोमागे रोज १ ते २ मिलिग्रॅमने सुरू होते आणि काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवत सगळ्यात कमी पुरेशा मात्रेवर आणतात. एकदम बंद करायचं नाही. पाणी आणि लघवी वाढली तर साखर तपासा. माणसांच्या कपाटातलं दुसरं काही, विशेषतः पॅरासिटामॉल, अर्धी गोळीही नको. ती मांजराचा जीव घेते. जुलाब थांबवणारं लोपेरामाइडही स्वतःच्या मनाने नाही.

काही प्रसंगी वही मिटायची आणि थेट निघायचं. मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही, त्यातून ते जाडजूड असेल तर जास्तच, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून दुसराच आजार उभा राहतो. पाणीही पोटात ठरत नाही. हिरड्या चिकट किंवा पांढऱ्या. शी डांबरासारखी. आणि दोरा: गजऱ्याचा, राखीचा, शिवणाचा, संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा. तो जिभेखाली अडकलेला किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका. आतडं त्याच्यावर चुण्या पडून गोळा झालेलं असतं; ओढलं की फाटतं.

स्थिरावलेल्या मांजराची खरी परीक्षा गणपतीत. घरचे गावी जातात, मांजर शेजारी किंवा बोर्डिंगमध्ये. चार दिवस आधीच रोजच्या मापाच्या पुड्या बांधून तारखा टाका, दोन पुड्या जास्तीच्या. औषधाच्या गोळ्या वेगळ्या डबीत, रोजची एक. एका कागदावर मोठ्या अक्षरात: काय द्यायचं, काय अजिबात नाही, कोणत्या लक्षणाला थांबायचं आणि कोणत्याला रात्री दोन वाजताही डॉक्टरला फोन लावायचा. तो कागद शेजाऱ्यांच्या फ्रिजवर स्वतः चिकटवून या. परत आल्यावर आधी वजन करा, आणि शेजारच्या लेकराला हळूच विचारून घ्या की खिरापतीतलं काय काय खाली सांडलं होतं.